किरकोळ पात्रांचे चेहरे

हातात धरून खेळायच्या यंत्रावरचा खेळ म्हणजे नेमकं काय, हे बाबांना समजावून सांगायला मला दोन दिवस लागले. त्यांना पत्ते माहीत होते, बुद्धिबळ माहीत होतं आणि जत्रेत बंदुकीनं फुगे फोडतात ते माहीत होतं. खेळात एक गोष्ट असते, गोष्टीत गावं असतात, गावांत माणसं असतात आणि खेळणारा त्या माणसांपुढे जाऊन उभा राहिला की ती बोलतात, हे ऐकून ते म्हणाले, "मग त्याला खेळ कशाला म्हणतात?" मी स्वतः तो खेळ खेळले नव्हते. माझ्याकडे फक्त त्यातले चेहरे आले होते.

काम असं होतं. पंधराएक वर्षांपूर्वी जपानात निघालेला एक खेळ टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर नव्यानं आणायचा होता. याला रीमास्टर म्हणतात. गोष्ट तीच, संगीत तेच, माणसं तीच. पण तळहाताएवढ्या पडद्यासाठी काढलेली चित्रं भिंतभर टीव्हीवर नुसती ताणली तर फरशा बसवल्यासारखे चौकोन दिसतात. म्हणून सगळं पुन्हा काढायचं. चित्रांचं काम हैदराबादच्या एका कंपनीनं घेतलं होतं आणि माझी कॉलेजातली मैत्रीण तिथं होती, तिच्यामुळे त्यातला एक तुकडा माझ्यापर्यंत आला. खेळातलं माणूस बोलायला लागलं की संवादाच्या शेजारी त्याचा चेहरा येतो. मूळ चेहरा बत्तीस ठिपके रुंद आणि बत्तीस ठिपके उंच. त्यातून मी टीव्हीवर शोभेल असा मोठा चेहरा काढायचा, आणि ज्यांनी तो खेळ लहानपणी खेळला त्यांना तो ओळखू आला पाहिजे.

कंपनीनं दोन याद्या केल्या होत्या. मुख्य पात्रं आणि किरकोळ पात्रं. मुख्य पात्रांचं काम हैदराबादच्या ऑफिसात व्हायचं. किरकोळ पात्रं माझ्याकडे होती, दोनशेच्या वर.

मी तेव्हा नांदेडला भाग्यनगरात दोन खोल्यांत राहत होते. माझं लग्न तीन वर्षांत संपलं होतं. आई जाऊन सहाएक महिने झाले होते आणि बाबांना मी लातूरहून माझ्याकडे आणलं होतं, कारण त्यांना कंपवात होता आणि चहाचा कप तोंडापर्यंत जाईस्तोवर अर्धा व्हायचा. बाबा ड्रॉइंगचे शिक्षक. पहिली नोकरी जळकोटला, मग लातूरला एका खासगी शाळेत निवृत्त होईपर्यंत. आयुष्यभर ज्या उजव्या हातानं फळ्यावर एका फटक्यात वर्तुळ काढलं, तो हात आता ते मांडीखाली दाबून बसायचे.

ते काम आलं आणि मी टेबलाशी बसून एक एक चेहरा उघडू लागले, तेव्हा बाबा मागे खुर्ची घेऊन बसायचे आणि पडद्याकडे बघायचे. पहिल्या आठवड्यात काही बोलले नाहीत. मी काय करते ते त्यांना आवडत नाही एवढं मला कळत होतं. का आवडत नाही तेही मला ठाऊक होतं.

भूकंप झाला तेव्हा मी तेरा वर्षांची होते. लातुरात आमच्या घराच्या भिंतीला नुसती चीर पडली. औशाच्या पुढे गावंच्या गावं बसली. शाळेतल्या इतर शिक्षकांबरोबर बाबा आठ दिवस तिकडे जाऊन आले. आल्यावर त्यांनी बादलीभर पाण्यानं अंगणातच अंघोळ केली आणि तिथं काय पाहिलं ते आईलाही सांगितलं नाही.

चार महिन्यांनी तिकडची माणसं आमच्या घरी यायला लागली. ती पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. गेलेल्या माणसाचा फोटो भिंतीला लावायचा, तर फोटोच नाही. घराबरोबर सगळं गाडलं गेलेलं. कुणाकडे पुण्याच्या नातेवाइकाकडे राहिलेली लग्न जमवताना पाठवलेली तसबीर, कुणाकडे शाळेचा वर्गाचा फोटो, कुणाकडे लग्नातला वऱ्हाडाचा फोटो. त्यात मागच्या रांगेत उभं असलेलं आपलं माणूस ते बोटानं दाखवायचे. गंजगोलाईच्या बाजारातल्या स्टुडिओवाल्यांनी सांगितलेलं असायचं की एवढ्याशा फोटोतून मोठा निघत नाही, ड्रॉइंगच्या सरांकडे जा.

बाबा फोटोवर काचेचा तुकडा ठेवून त्यावर शाईत बुडवलेल्या सुईनं बारीक चौकटी आखायचे. ड्रॉइंगच्या कागदावर तेवढ्याच, पण मोठ्या चौकटी. मग भिंगातून एक एक चौकट बघून पेन्सिलीनं चेहरा मोठा करायचे. भिंग धरायचं काम माझं. शाळेतून आल्यावर दिवेलागणीपर्यंत आम्ही दोघं बसायचो. किती चेहरे झाले ते मी मोजले नाहीत. चाळीस तरी असतील. न्यायला आलेली माणसं चित्र दोन्ही हातांनी धरायची, बघायची आणि मान हलवायची. बाबा प्रत्येकाला चहा घ्यायला लावत.

मग एक बाई आली. तिची मुलगी गेली होती, माझ्याच वयाची. तिचा एकच फोटो उरला होता, कुणाच्यातरी लग्नातला, आणि त्यात ती मुलगी मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. मी भिंग धरलं. भिंगात तीन करडे ठिपके दिसले, बाकी काही नाही. बाबांनी त्या बाईला सांगायला पाहिजे होतं की यातून होणार नाही. त्यांनी तिला विचारलं, नाक कसं होतं, केस कसे होते, हसायची कशी. ती सांगत गेली, बाबा लिहून घेत गेले. ती गेल्यावर तीन दिवस त्यांनी कागदाला हात लावला नाही. चौथ्या दिवशी मला म्हणाले, "माय, जरा खिडकीपाशी बस. हनुवटी वर कर."

मी बसले. दोन संध्याकाळ बसले. मला गंमत वाटत होती, कारण बाबांनी माझं चित्र कधी काढलं नव्हतं.

ती बाई चित्र न्यायला आली तेव्हा मी तिथंच उंबऱ्याशी उभी होते. तिनं चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत चित्राकडे पाहिलं. तिला राग आला नव्हता. ती म्हणाली, "ही तुमची लेक हाय, सर. माझी न्हाई."

बाबांनी चित्र परत घ्यायला हात पुढे केला. तिनं दिलं नाही. "राहू द्या," ती म्हणाली, "भिताडाला काय तरी लागतंय." आणि तिनं ते पदरात गुंडाळून नेलं.

तिकडे कुठल्यातरी शेडमध्ये आणि नंतर कुठल्यातरी सिमेंटच्या घरात माझा चेहरा हार घालून टांगलेला असणार, हे कळायला मला दोनेक वर्षं लागली. बाबांना त्याच दिवशी कळलं असेल. त्यांनी त्यानंतर माणसाचा चेहरा काढला नाही. लोक आले की ते हात जोडायचे आणि आत जायचे.

पुढे लातूर क्लासेसचं गाव झालं. जिथं तिथं बोर्ड लागले, गल्लोगल्ली मेस निघाल्या, बाहेरगावची पोरं पाठीवर पिशव्या घेऊन पहाटेपासून रस्त्यानं चालायला लागली. आमच्या वरच्या दोन खोल्यांत आईनं सहा मुली ठेवल्या. बाबांना एका क्लासनं बायोलॉजीच्या नोट्ससाठी आकृत्या काढायला बोलावलं. त्यांनी हृदयाचे उभे छेद काढले, मूत्रपिंडं काढली, बेडकाची पचनसंस्था काढली, डोळ्याची आकृती काढली. ती चित्रं सुंदर होती. त्यांच्या झेरॉक्स निघाल्या, झेरॉक्सच्या झेरॉक्स निघाल्या. मग एक दिवस कॉम्प्युटरवर आकृत्या आल्या आणि बोलावणं थांबलं.

मी नांदेडला चित्रकलेचा डिप्लोमा केला आणि तिथल्याच एका क्लासच्या ऑफिसात लागले. निकाल लागला की पोरांचे पासपोर्ट फोटो चौकाएवढ्या फलकावर बसवायचे, हे माझं मुख्य काम. सात वर्षं मी ते केलं. हैदराबादचं काम आलं तेव्हा मला वाटलं, आता तरी चित्र काढायला मिळेल.

बाबा पहिल्यांदा बोलले ते नावाड्यावर. त्या खेळात एक नदी आहे आणि एका गावात होडीजवळ उभा असलेला एक नावाडी. मी त्याला चांगला भरघोस मिशांचा काढला होता, नजर समोर. बाबा मागून म्हणाले, "हा काय बोलतो?"

मला प्रश्न कळला नाही.

"अगं, खेळणारा याच्यापुढं येतो म्हणालीस ना. मग हा काय बोलतो?"

मी यादीत शोधलं. नावाड्याला एकच वाक्य होतं. पाणी उतरलंय, आज होडी जात नाही.

"रोज एवढंच?"

"हाव. कितीदा विचारलं तरी एवढंच."

बाबा पडद्याकडे झुकले. मग म्हणाले, "तर मग याचं लक्ष पाण्याकडं पाहिजे. तू त्याला गिऱ्हाइकाकडं बघायला लावून राहिलीस." त्यांनी उजवा हात डाव्या हातानं धरला आणि बोट पडद्याला टेकवलं. "हा पांढरा ठिपका बघ. तू हा गालावरचा उजेड धरला. तो उजेड नाही, बुबुळाच्या अलीकडचं पांढरं आहे. त्यानं डोळे फिरवलेत."

मी मूळ चित्र लांबून पाहिलं, डोळे बारीक करून. बाबांचं बरोबर होतं. पंधरा वर्षांपूर्वी जपानातल्या कुणीतरी, ज्याच्याकडे एका डोळ्यासाठी तीन ठिपके होते, त्या तिन्हींतून त्या माणसाला पाण्याकडे बघायला लावलं होतं. बाबांनी विचारलं की ज्यानं काढलं त्यालाच का विचारत नाहीत. मी सांगितलं की कंपनीत विचारलं होतं, त्याचे कच्चे कागद कुणाकडेच राहिलेले नाहीत आणि तो माणूसही आता नाही. बाबा म्हणाले, "म्हणजे ही सगळी पोरकी."

त्या दिवसापासून अकरा ते एक ही आमची वेळ ठरली. अंघोळ, पेपर आणि गोळ्या झाल्या की बाबा भिंग घेऊन माझ्या शेजारी बसायचे. पडद्यावर चित्र हवं तेवढं मोठं करता येतं, भिंगाची गरज नाही, हे मी एकदा सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि भिंग तसंच ठेवलं. आधी मी त्या पात्राचं वाक्य वाचून दाखवायचे. मग ते विचार करायचे. दळण नेणारी बाई, शेळ्या राखणारी म्हातारी, पुलावरचा पहारेकरी, लेकाची वाट बघणारा कुंभार. बाबा सांगायचे, मी काढायचे. "नाक लई सरळ केलंस. ही सर्दीची बाई आहे, वाक्य वाच." असं काहीबाही. कधी तासभर एका भुवईवर जायचा.

आमचे चेहरे हैदराबादला पहिल्या फेरीतच पास व्हायचे. तिथं आमचं काम बघणारी बाई होती, ती हिंदीत बोलायची, फार अदबीनं. तिनं मला एकदा विचारलं की तुमच्या चेहऱ्यांत आणि इतरांच्यात फरक पडतो, तुम्ही करता काय. मी बाबांचं नाव सांगितलं नाही. काम दुसऱ्याला दाखवायला मनाई होती. बाबांना मात्र तिचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी करायला न्हावी बोलावला.

ते पाचेक महिने चांगले गेले.

दिवाळीनंतर हैदराबादच्या त्या बाईचा फोन आला. खेळाच्या मूळ मालकांनी एक नवी यंत्रणा घ्यायचं ठरवलं होतं. लहान चित्र त्यात घातलं की मोठं होऊन बाहेर येतं, हवी तेवढी चित्रं, एका दुपारी. मुख्य पात्रं हातानंच काढायची होती. किरकोळ पात्रं सगळी यंत्रानं. आधी पास झालेली सुद्धा, कारण सगळी एकसारखी दिसली पाहिजेत. तिला वाईट वाटत होतं, ते तिच्या आवाजावरून कळत होतं. मला कामावरून काढणार नव्हते. यंत्रातून निघालेल्या चेहऱ्यांची सफाई माझ्याकडे आली. डोळे वर-खाली झाले असतील तर सरळ करायचे, कान केसांत मिसळला असेल तर वेगळा करायचा.

पहिला गठ्ठा आला तो मी बघितला. नावाडी समोर बघत होता. म्हाताऱ्या शेळीवालीला यंत्रानं तिशीची केली होती. पहारेकऱ्याच्या ओठावरचा व्रण घाण समजून पुसला होता. सगळ्यांची कातडी एकसारखी, धुऊन इस्त्री केल्यासारखी, आणि सगळ्यांच्या तोंडावर अर्धं हसू. लेकाची वाट बघणारा कुंभारही हसत होता. मी त्याचे डोळे सरळ केले आणि पाठवून दिला.

तेवढ्यात अकरा वाजले. बाबा भिंग घेऊन आले आणि बसले. "आज कोण?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "टपालवाला."

असं ते सुरू झालं. मला वाटलं होतं, दोन दिवसांनी सांगू. मग त्या आठवड्यात त्यांचा ताप, मग आईचं वर्षश्राद्ध होऊन गेल्यानंतरची ती त्यांची उदासी, मग संक्रांत. मी पहाटेपासून दहापर्यंत सफाई करायचे आणि अकरा ते एक बाबांबरोबर असे चेहरे काढायचे, जे कुणालाही नको होते. साठेक राहिले होते. मी जाणूनबुजून सावकाश काढू लागले, म्हणजे संपायला नकोत.

नुसतं एवढंच असतं तरी मी आज स्वतःला काहीतरी सांगू शकले असते. पण सगळंच पास होतंय म्हटल्यावर बाबांना शंका येईल असं मला वाटलं, म्हणून मी मधूनमधून खोट्या दुरुस्त्या आणायला लागले. हैदराबादहून सांगितलंय, टपालवाल्याचं कपाळ लहान करा. हैदराबादहून सांगितलंय, विहिरीवरची बाई फार दमलेली वाटते. बाबांना ते लागायचं. जेवताना घास हातात धरून ते विचार करत बसायचे. एकदा माझ्या आधी उठून टेबलाशी जाऊन बसले होते, बंद पडद्यापुढे. "दमलेली वाटते कारण ती दमलेलीच आहे," मला म्हणाले. "तू त्यांना लिही, तिचं वाक्य वाचा म्हणावं." मी लिहिते म्हणाले. दोन दिवसांनी मी बाबांना सांगितलं की हैदराबादवाल्यांनी आपलं म्हणणं मान्य केलं. बाबा इतके खूश झाले की त्यांनी स्वतः शेजारच्यांकडे जाऊन पेढे दिले. पेढ्यांचा कागद त्यांच्या हातात थरथरत होता आणि शेजारच्या काकू विचारत होत्या, कशाचे. बाबा म्हणाले, "पोरीच्या कामाचे."

मी दारात उभी राहून ऐकलं.

उन्हाळ्यात खेळ बाजारात आला. बाबांनी दोन-तीनदा विचारलं, मी म्हणाले, इकडे यायला वेळ आहे. आपल्याकडे कुठं ते यंत्र असतं. त्यांना मोबाइलवर जास्त काही येत नव्हतं, पण माइकचं चिन्ह दाबून बोललं की हवं ते समोर येतं, एवढं ते शिकले होते. त्यावर ते कीर्तनं ऐकायचे.

एका सकाळी मी भाजी घेऊन आले. बाबा गॅलरीत बसले होते आणि मोबाइल त्यांनी कठड्याला टेकवून उभा केला होता, हात हलतो म्हणून. त्यावर कुणीतरी परदेशी मुलगा तो खेळ खेळत होता आणि खेळता खेळता स्वतःशीच भराभर इंग्रजीत बोलत होता. मी पिशवी खाली ठेवली. पडद्यावर नदी आली, होडी आली, नावाड्याचा चेहरा आला आणि त्याचं वाक्य पूर्ण उमटायच्या आत त्या मुलानं बटण दाबून ते पुढे ढकललं.

बाबांनी मोबाइल पालथा घातला.

"तिसऱ्यांदा बघितला," ते म्हणाले. "पहिल्यांदा वाटलं, डोळ्याला नीट दिसलं नसेल."

मी कठड्यापाशी जाऊन उभी राहिले.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

त्यांनी मनात हिशोब केला असावा, कारण ओठ हलले. मग म्हणाले, "म्हणजे टपालवाला. आणि ती वैदीण. आणि ते जुळे भाऊ."

"हो."

"आणि त्या दुरुस्त्या?"

मी मान हलवली. मला वाटलं, आता ते ओरडतील. ते कधीच ओरडले नव्हते, पण आता ओरडावेत असं मला वाटत होतं.

बाबा गॅलरीतून खाली रस्त्याकडे बघत होते. खाली क्लासला जाणारी पोरं चालली होती. मग माझ्याकडे न बघताच ते बोलू लागले. म्हणाले की शाळेतली शेवटची चार वर्षं ते एकाही वर्गावर गेले नव्हते. ड्रॉइंगचे तास गणिताला दिले होते. वेळापत्रकात त्यांचं नाव होतं, तपासणीला साहेब आले तर दाखवायला, पण वर्गात गणिताचे सर असायचे. ते शिक्षकांच्या खोलीत बसायचे, सही करायचे आणि पाच वाजता घरी यायचे. आईला त्यांनी सांगितलं नव्हतं. येताना वाटेत ते रंगीत खडूनं आपली बोटं मुद्दाम माखून घ्यायचे, कारण आई त्यांचे हात बघायची.

मला ती बोटं आठवली. निळी, पिवळी. त्या वर्षांत मी सुट्टीला घरी यायचे तेव्हा आई त्यांच्या हातावर पाणी घालायची.

"चार वर्षं कुणाला फसवायचं म्हणजे लई काम असतं," बाबा म्हणाले. "तुलाही झालं असेल."

माझ्यावर रागावले असते तर मी पाया पडले असते, रडले असते, काहीतरी केलं असतं. त्यांनी माझी कीव केली, त्यावर मला काहीच करता आलं नाही. मी भाजी आत नेली आणि निवडायला बसले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ते आले नाहीत. त्यानंतर कधीच आले नाहीत. भिंग त्यांनी कुठं ठेवलं ते मी विचारलं नाही.

श्रावणात एकदा, जेवण झाल्यावर, त्यांनी त्या विहिरीवरच्या बाईचं आपण काढलेलं चित्र दाखव म्हटलं. एवढ्या दिवसांत त्यांनी कामाचा विषय काढला, तो तेवढा एकदा. आणि माझ्याकडे ते चित्र नव्हतं. करारात लिहिलं होतं की खेळ बाजारात आला की कामाच्या सगळ्या फाइल पुसायच्या आणि पुसल्या असं लिहून पाठवायचं. मी तसं केलं होतं. आम्हा दोघांचे ते साठ चेहरे कंपनीला माहीतही नव्हते. ते मी ठेवले असते तर कुणाला कळलं नसतं. पण पुसायला बसले तेव्हा मी सगळेच पुसले, कारण त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मी बाबांना हे सगळं सांगितलं. आता खोटं सांगायचं काही कारण उरलं नव्हतं.

ते म्हणाले, "बरं केलंस." त्यात टोमणा नव्हता. तो असता तर मला कळला असता.

डॉक्टरांनी हातासाठी रबराचा चेंडू दाबायचा व्यायाम दिला होता, तो त्यांनी सोडून दिला. दसऱ्यापर्यंत शर्टाची बटणं त्यांच्यानं लागेनात. आता ती मी लावते. हैदराबादहून दुसरा खेळ आला आहे, आणखी जुना, आणि त्याच्या सफाईला मी सकाळी लवकर बसते, पण नऊ वाजता उठते, बाबांची अंघोळ होते, मी त्यांना शर्ट घालते, गळ्यापासून खाली एक एक बटण लावत जाते आणि ते माझ्या डोक्यावरून समोरच्या भिंतीकडे बघत उभे राहतात. शेवटचं बटण लागलं की म्हणतात, "तसदी झाली तुला." आधी ते असं बोलायचे नाहीत. घरच्या माणसाशी कुणी असं बोलत नाही. मी दोन-तीनदा म्हणून पाहिलं, बाबा, असं का म्हणता. ते हो म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी शेवटचं बटण लागल्यावर, तितक्याच अदबीनं, पुन्हा म्हणतात.